ख्रिस्ती उपासना आणि संगीत: या विषयाचा अभ्यासक व्हायचं तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी मुलगी नगर जिल्ह्यातली, गायनात विशारद, संगीतात एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. नववीपासून चर्चमध्ये पेटी वाजवते. तिला ख्रिस्ती उपासना आणि संगीत या विषयात संशोधन करायचं आहे. आधी सेमिनरी, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाची शाळा, करावी की थेट पीएच.डी.? परदेशी जावंच लागतं का? पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, व्हायचं नाही, मग चालेल का? आणि यात पोट भरतं का?

पोटाचं आधी सांगतो, कारण घरात पहिला प्रश्न तोच निघत असणार. ‘ख्रिस्ती उपासना आणि संगीत’ या नावाची जागा आपल्याकडे जाहिरातीत येत नाही. पगार शेजारच्या एखाद्या कामाचा घ्यायचा आणि त्याच्या आधाराने हे काम करायचं, अशीच रीत आहे. मी सव्वीस वर्षं या विषयात आहे. पहिली अकरा वर्षं माझा पगार महाविद्यालयात गायन शिकवण्याचा होता, नंतर एका सेमिनरीत उपासनाशास्त्र, म्हणजे उपासनेची घडण आणि इतिहास, शिकवण्याचा. मधली दोन वर्षं भाषांतरावर काढली. तेव्हा एम.ए. झाल्याबरोबर संगीतातून नेट किंवा सेट देऊन टाका. हातात पात्रता असली की पुढचा अभ्यास स्वस्थपणे होतो. नसली तर दर जूनला तासिका तत्त्वावरच्या नेमणुकांमागे फिरण्यातच उमेद संपते. माझ्या बरोबरीचे दोन चांगले अभ्यासक मी असे गमावलेले पाहिलेत.

आता विषयाकडे येतो. याच्या नावात दोन शब्द आहेत आणि संगीताकडून आलेला माणूस पहिला शब्द गाळतो. मीही गाळला होता. 1999 च्या सुमारास जामखेडच्या बाजूला एका वाडीत मी रविवारच्या उपासना टेप करायला जायचो. कॅसेट जपून वापरायची, म्हणून गीत सुरू झालं की बटण चालू, प्रार्थना किंवा संदेश सुरू झाला की बंद. तीन महिन्यांत चाळीसेक गीतं जमली. घरी बसून स्वरलिपी केली. त्यात एक भजन दोनदा आलं होतं. एकदा चांगल्या चालत्या लयीत, ढोलकी-टाळांसकट. दुसऱ्यांदा जवळजवळ निम्म्या लयीत, आणि शेवटचं कडवं तीनदा. मी ते ‘विलंबित पाठभेद’ म्हणून नोंदवलं आणि त्यावर दोन पानं लिहिली.

ती पानं घेऊन मी त्या मंडळीत, म्हणजे तिथल्या चर्चच्या समुदायात, गीत उचलणाऱ्या बाबांकडे गेलो. पहिली ओळ एकट्याने धरून सगळ्यांना सूर देणारा माणूस तो. त्यांनी टेप शेवटपर्यंत ऐकली आणि म्हणाले, “हे प्रभुभोजनाचं आहे. लोक उठून पुढं जातात, भाकर घेतात, प्याला घेतात, माघारी येतात. म्हातारी माणसं असतात. गाणं त्यांच्या पावलानं चालतं.” आणि शेवटचं कडवं तीनदा का? तर त्या दिवशी एक आजी काठी टेकत सगळ्यांच्या शेवटी उठल्या होत्या. त्या परत जागेवर बसेपर्यंत गीत थांबवायचं नव्हतं. माझ्या टेपवर काठीची टकटक ऐकू येत होती. मी ती मशीनची खरखर समजलो होतो.

त्या दोन पानांत रागाचं नाव बरोबर होतं, ठेका बरोबर होता, स्वर बरोबर होते. ते भजन तिथे कशासाठी गायलं गेलं हे मात्र माझ्याकडे नव्हतं, कारण त्याच्या आधीचं आणि नंतरचं मी टेपच केलं नव्हतं. गीत उपासनेत कुठे बसतं, त्या क्षणी माणसं काय करत असतात, गीत कोण थांबवतं, हे कळल्याशिवाय त्याची स्वरलिपी अपुरी आहे. माझ्या सगळ्या कामातून तुम्हाला एकच गोष्ट द्यायची झाली तर ही देईन.

पुढे उपासनाशास्त्र रीतसर शिकायला लागल्यावर लक्षात आलं की बाबांनी ओट्यावर बसून सांगितलेलं तेच या शास्त्रातल्या मोठ्या माणसांनी हस्तलिखितं चाळून शोधलं आहे. ग्रेगरी डिक्स हा अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडचा, बेनेडिक्टाइन मठातला साधू. 1945 मध्ये त्याने उपासनेच्या घडणीवर मोठा ग्रंथ लिहिला. प्रभुभोजनाच्या प्रार्थनांचे शब्द ठिकठिकाणी वेगळे असले तरी कृतीचा सांगाडा एकच आहे, असं त्याचं म्हणणं: घेतलं, उपकारस्तुती केली, मोडलं, वाटलं. त्याच्या बऱ्याच तपशिलांवर नंतर आक्षेप आले, पण शब्दांवरची नजर उचलून कृतीवर ठेवायची सवय त्याने लावली, ती टिकली. त्यानंतरचा रॉबर्ट टाफ्ट. जेझुइट या कॅथलिक संघातला अमेरिकन पुरोहित, रोममध्ये राहून बायझंटाइन, म्हणजे पूर्वेकडच्या ग्रीक परंपरेतल्या, उपासनेचा इतिहास लिहिण्यात त्याने आयुष्य घातलं. 2018 मध्ये वारला. त्याचं एक निरीक्षण मी वर्गात पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहितो. उपासनेत जिथे शब्दांविना कृती चालते, म्हणजे आत येणं, अर्पणं वेदीकडे आणणं, प्रभुभोजनाला पुढे जाणं, तिथे गीत येऊन बसतं. पुढे त्या जागी आणखी गीतं, आणखी प्रार्थना चिकटत जातात. मग उपासना लांबते आणि कात्री लागते ती जुन्या भागालाच: स्तोत्राच्या ओळी जातात, ध्रुवपद तेवढं उरतं. तुमच्याच मंडळीत दानाच्या वेळी काय होतं ते आठवून पाहा. पिशवी फिरून झाली की पाळक हात वर करतात आणि गीत दुसऱ्या कडव्यावरच थांबतं. तिसरं-चौथं कडवं लोकांच्या तोंडून हळूहळू का पुसलं जातं, त्याचं उत्तर त्या पिशवीत आहे.

तिसरा माणूस जर्मनीचा आंटोन बाउमस्टार्क, पौर्वात्य भाषांचा पंडित. त्याचा एक नियम आहे: दिवस जितका पवित्र, तितकी जुनी रीत तिथे घट्ट टिकून राहते. गोव्यात हे कानांनी ऐकता येतं. वर्षभर चर्चमध्ये गिटार आणि कीबोर्ड असतो. पण उपवासकाळ आला की काही गावांत ख्रिस्ताच्या दुःखसहनाची जुनी मोतेतं, म्हणजे समूहगीतं, बाहेर निघतात, व्हायोलिन आणि क्लॅरिनेटच्या साथीत, अनेक आवाजांत. तिथल्या चर्चच्या शाळांमध्ये मेस्त, म्हणजे संगीतशिक्षक, मुलांना सोल्फा (पाश्चात्त्य सरगम) आणि व्हायोलिन शिकवायचे. त्याच शिकवणीतून निघालेल्या माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसांसारख्या मंडळींनी पुढे मुंबईच्या सिनेसंगीताचे वाद्यवृंद उभे केले. सिनेमाकडे गेलेल्या या माणसांबद्दल आता बरंच लिहिलं जातं. ज्या उपासनेसाठी त्यांना ते शिकवलं गेलं तिच्याबद्दल फार थोडं लिहिलं गेलंय. तिथे तुमच्यासारखीला भरपूर काम आहे.

पण तुमचं घर नगर आहे, आणि माझ्या मते तुम्ही तिथूनच सुरुवात करावी. अमेरिकन मराठी मिशन, म्हणजे अमेरिकेतून आलेले प्रोटेस्टंट मिशनरी, यांचं काम नगरला 1831 मध्ये सुरू झालं. पहिली गीतं इंग्रजी स्तोत्रांची भाषांतरं होती, इंग्रजी चालींवर बसवलेली. त्यात अडचण कुठे येते हे हातात घेऊन बघा. इंग्रजीत आठ-सहा-आठ-सहा अक्षरांचा एक फार लोकप्रिय साचा आहे. त्याच्या चाली बहुतेक वेळा हलक्या मात्रेवर सुरू होतात आणि जोर दुसऱ्या अक्षरावर पडतो. उदाहरणासाठी मीच एक ओळ रचतो: ‘प्रीतीचा सागर तू देवा’. उच्चारात आठ अक्षरं, म्हणजे मोजमाप बरोबर. आता त्या चालीवर म्हणा. ‘प्री’ हलक्या मात्रेवर घसरतो आणि वजन ‘ती’वर जातं. शेवटी ‘देवा’ म्हणताना ‘दे’ निसटतो, ‘वा’ ताणला जातो. बोलताना कुणीही मराठी माणूस असं म्हणत नाही. हेच शब्द भजनी ठेक्यात समेवर ‘प्री’ ठेवून म्हणून पाहा, तोंडाला लगेच बसतात. भाषांतर करणाऱ्यांना मराठी येत नव्हतं असं नाही. अक्षरं मोजली, लघु-गुरूचं वजन राहून गेलं.

नगरमध्ये कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तनाला आणि देशी चालींना वाट करून दिली. नंतर टिळक आले. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि 1919 मध्ये ते गेले. या चोवीस वर्षांत त्यांनी शेकड्यांनी गीतं, अभंग, भजनं लिहिली, आणि मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांचं ‘उपासना संगीत’ हे गीतपुस्तक आजही त्यांच्या शब्दांवर उभं आहे. टिळकांवर पुस्तकं आहेत, प्रबंध आहेत. बहुतेकांत टिळक कवी म्हणून येतात: प्रतिमा, भक्तिभाव, तुकारामाशी नातं. हे सगळं हवंच. पण टिळकांचा अभंग सहा-सहा-सहा-चार अक्षरांचा असतो, आणि त्या चार अक्षरांनंतरच्या मोकळ्या जागेत टाळ वाजतो, मंडळी श्वास घेते, कुणी डोळे पुसतं. पाळक-मंडळी अशा दोन बाजूंनी वाचायची इंग्रजी पद्धतीची उपासना आणि हा अभंग एका तासात शेजारी शेजारी कसे नांदले? कुठे एकमेकांना खेटले? 1917 मध्ये टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला, तेव्हा त्यांना उपासनेचा कोणता आकार हवा होता? 1970 मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, अँग्लिकन आणि काँग्रिगेशनल (अमेरिकन मराठी मिशनची परंपरा) एका छपराखाली आले, तेव्हा तुमच्या आजीच्या मंडळीत रविवारी नेमकं काय बदललं? यातला एक प्रश्न जरी नीट धरलात तरी पीएच.डी. त्यात मावते.

याहून मागे जायचं असेल तर गोव्यातले इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स यांचं मराठी ‘क्रिस्तपुराण’ आहे. अकरा हजारांच्या आसपास ओव्या, पहिली छपाई 1616 मध्ये गोव्यात रायतूरला. त्या शतकातल्या तिन्ही आवृत्त्यांची छापील प्रत आज हाती नाही. मंगळूरची 1907 ची रोमन लिपीतली आवृत्ती आणि लंडनमधलं एक देवनागरी हस्तलिखित यांच्यावर अभ्यास चालतो. भाषेच्या अंगाने त्यावर खूप लिहिलं गेलंय. तुम्ही गाता, म्हणून तुमच्या कानाला वेगळं काही सापडेल: तीन लांब चरण सयमक आणि चौथा आखूड, हे मोठ्याने म्हणताना श्वास कुठे घ्यावा लागतो ते करून बघा. मी हे पोर्तुगीज न शिकता करायला गेलो आणि वर्ष वाया घालवलं. त्या बाजूला जाणार असाल तर आधी पोर्तुगीज, मग लॅटिन.

केरळमध्ये एक काम झालंय ते बघाच. तिथल्या सिरो-मलबार या कॅथलिक चर्चची उपासना 1962 मध्ये सिरियाक या प्राचीन भाषेतून मल्याळममध्ये आली. लोकांना कळेल अशी भाषा आली, हे चांगलंच झालं. पण शतकानुशतकं तोंडी चालत आलेल्या चाली एका पिढीत ओठांवरून उतरायला लागल्या. फादर जोसेफ पालक्कल यांनी न्यूयॉर्कला संगीताचं संशोधन केलं आणि मग जुन्या पुरोहितांना, गायकांना, सामान्य बायाबापड्यांना गाठून त्यांच्या तोंडच्या सिरियाक चाली ध्वनिमुद्रित केल्या, आता तर चित्रित करून लोकांसमोर ठेवल्या. हा माणूस हिंदुस्थानी संगीतही शिकलेला आहे. असं काम इकडेही हवं: वसईत आणि मुंबईत लॅटिन मिस्सा (कॅथलिकांची प्रभुभोजनाची उपासना) गायलेली माणसं आता ऐंशीच्या पुढे आहेत. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 4 डिसेंबर 1963 रोजी उपासनेवरचा दस्तऐवज मंजूर केला, त्याच्या 119 व्या परिच्छेदात प्रत्येक समाजाच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला मान देण्याबद्दल स्पष्ट सांगितलं आहे. त्या परिच्छेदामुळे आपल्याकडे भजन मिस्सेत आलं. त्याआधी तिथे काय गायलं जात होतं हे विचारायला माणसं थोडी उरली आहेत.

परदेशाचं विचारलंत. जावंच लागतं असं नाही, पण एकदा दोन वर्षं गेलात तर बरं. कारण आपल्याकडे संगीत एका इमारतीत आणि उपासनाशास्त्र दुसऱ्या गावात. येल विद्यापीठात 1973 पासून पवित्र संगीताची संस्था आहे, तिथे ऑर्गन वाजवणारा, उपासनेचा इतिहास लिहिणारा आणि पाळक होणारा एकाच टेबलाला बसतो. रोममध्ये सांत आन्सेल्मोला उपासनाशास्त्राची संस्था आहे, 1961 ची, आणि पवित्र संगीताची वेगळी, पोप दहावे पायस यांच्या काळातली. जायचं कारण मात्र पदवीपेक्षा कागदपत्रांचं ठेवा. अमेरिकन मराठी मिशन ज्या बोर्डाने पाठवलं, त्या अमेरिकेतल्या बोर्डाची दफ्तरं हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात आहेत. आपल्या गावातल्या एखाद्या उपासनेचं वर्णन तिथल्या पत्रात सापडलं तर त्या दिवशी जेवण सुचत नाही, हे अनुभवाने सांगतो.

त्याआधी पुणे आहेच. बिबवेवाडीची युनियन बिब्लिकल सेमिनरी, जी 1983 मध्ये यवतमाळहून पुण्यात आली, आणि नगर रस्त्यावरचं ज्ञानदीप विद्यापीठ हे कॅथलिक धर्मशिक्षणाचं केंद्र, जे 1955 मध्ये श्रीलंकेतल्या कँडीहून आलं. दोन्हीकडे आधी ग्रंथालयात बसायला जा, प्रवेशाचा विचार सावकाश करा. तुमचा क्रम माझ्या मते असा राहावा: नेट-सेट, मग एक-दोन वर्षं धर्मशास्त्राचं मूलभूत शिक्षण, मग पीएच.डी. संगीत विभागातून, पण दुसरा मार्गदर्शक उपासनाशास्त्राचा. उलट क्रमानेही लोक जातात. तुमचा कान तयार आहे, म्हणून मी हा क्रम सांगतोय.

पाळक न होण्याचं मनावर घेऊ नका. तुमच्याकडे असं काही आहे जे माझ्याकडे कधीच नव्हतं. गावोगाव दुपारी महिला संघाच्या प्रार्थनासभा भरतात. तिथे पेटी नसते, पुस्तक नसतं, टाळी असते. पुरुष आत गेला की बायका ‘उपासना संगीता’तलं पाठ गीत म्हणतात आणि थांबतात. मी सव्वीस वर्षं ओसरीवर बसून त्या गाण्याच्या कडेकडेचं ऐकलंय. बाळंतिणीच्या घरी काय म्हणतात, मयताच्या तिसऱ्या दिवशी काय, मुलगी सासरी निघताना काय, यातलं काहीच माझ्या वह्यांमध्ये नीट नाही. तुम्ही आत बसाल.

ध्वनिमुद्रणाबद्दल दोन गोष्टी, कारण यात झालेलं नुकसान भरून येत नाही. मोबाइल चालेल, पण एमपी3 नको; वेव्ह फाइल, 24 बिट, आणि त्याच रात्री दोन ठिकाणी प्रत. पाळकांची परवानगी घ्या, गाणाऱ्याची वेगळी घ्या, आणि गाणाऱ्याला प्रत नेऊन द्या. एका संस्थेकडे मी विश्वासाने माझ्या साठ कॅसेट ठेवल्या होत्या. इमारतीची दुरुस्ती निघाली आणि त्या भंगारात गेल्या. त्यातले सात गायक आज नाहीत. गुरुग्रामला लोकसंगीताचं एक चांगलं संग्रहालय आहे, अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचं, 1982 पासूनचं. संग्रह वाढला की तिथे बोलून ठेवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बटण बंद करू नका. पहिल्या घंटेच्या आधीपासून चपला घालून लोक बाहेर पडेपर्यंत. जाहिराती, खोकला, मुलांचं रडणं, सगळं.

आता लगेच करायचं काम. उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) तीन तासांच्या उपासनेला या वर्षी पेटीवर बसू नका, दुसऱ्या कुणाला बसवा. मागच्या बाकावर वही घेऊन बसा. बाउमस्टार्कचा नियम खरा असेल तर तुमच्या मंडळीतल्या सगळ्यात जुन्या चाली त्या दुपारी निघतील. डाव्या समासात घड्याळाची वेळ, मधे गीताची पहिली ओळ, उजवीकडे त्या वेळी कोण उभं होतं, कोण बसलं, कोण चाललं होतं. गीत कुणी उचललं आणि कुणी थांबवलं तेही. संध्याकाळी ती वही आजीला वाचून दाखवा आणि विचारा, तुमच्या लहानपणी या जागी हेच गीत होतं का. ती जे सांगेल ते तिच्याच शब्दांत उतरवून मला पाठवा.